गाणी राहिली, मधलं बोलणं गेलं

(परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, मुंबई आकाशवाणीवर निवेदिका असलेल्या ताईंनी केलेलं भाषण. रेकॉर्डिंगवरून उतरवून घेताना थोडी काटछाट केली आहे, बाकी ताई बोलल्या तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. आधी एक विनंती, मागे भिंतीला टेकून जे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसा, इथे पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. मला लांबच्या माणसाशी बोलायची सवय आहे हे खरं, पण तो माणूस मला कधी दिसायचा नाही. तुम्ही दिसताय, त्यामुळे माझी जरा पंचाईत होतेय.

अध्यक्षांनी मला विषय दिला होता, रेडिओचे सोनेरी दिवस. मी फोनवरच म्हटलं, अहो सोनेरी वगैरे काही नव्हतं, सकाळची ड्युटी असली की काळोखात घर सोडायचं आणि पहिली लोकल पकडायची, डोळ्यांवर झोप आणि वर आवाज मात्र प्रसन्न पाहिजे. त्यापेक्षा मी माझ्याबरोबर काम केलेल्या माणसांबद्दल बोलते, आणि रेडिओ स्टेशन स्वतःची जाहिरात कशी करायचं, ज्याला आता सगळे प्रोमो म्हणतात, त्याबद्दल बोलते. दोन्ही एकच गोष्ट आहे खरं तर, बोलता बोलता येईल लक्षात.

मुंबई आकाशवाणीवर मी कॅज्युअल अनाउन्सर, म्हणजे कायम नोकरी नसलेली निवेदिका म्हणून लागले ते सत्तरच्या दशकात. चर्चगेटजवळ, मंत्रालयाच्या बाजूची ती बिल्डिंग, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी बसमधून पाहिली असेल. मुंबईत टीव्ही १९७२ला आला होता पण तो शेजाऱ्यांकडे बघायला जायचा प्रकार, रेडिओ मात्र घरोघर. आणि त्या रेडिओला लायसन्स लागायचं बरं का, पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे, इथल्या मुलांना सांगितलं तर त्यांना वाटतं आजी फेकतेय.

त्याआधी मी नुसती श्रोता होते. पुन्हा प्रपंच ही घरगुती श्रुतिका लागली की आमच्या चाळीत जिन्यावरची वर्दळ थांबायची. टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि पंत म्हणजे बाळ कुडतरकर, हे साठीपुढच्यांना मी सांगायला नको, मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी मला टेकाडे भावजींची नक्कल करून दाखवली, आणि चांगली केली हो! सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून बातम्या, सुधा नरवणे यांचा आवाज आला की आई म्हणायची, अजून आंघोळ नाही झाली तुझी? म्हणजे त्या बातम्या देशाच्या होत्या, पण आमच्या घरी त्या आंघोळीच्या होत्या.

तर ही नाव झालेली माणसं, त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहून आलंय. मी ज्यांच्याबरोबर बसून डबा खाल्ला त्यांची नावं कुठे नाहीत. मीही मुद्दाम घेत नाहीये, त्यातल्या काहींना आवडायचं नाही आणि काहींची मुलं इथेच या हॉलमध्ये निघायची.

आमच्याकडे कॉपिस्ट अशी एक पोस्ट होती. झेरॉक्सच्या आधीची गोष्ट ही. श्रुतिकेचं स्क्रिप्ट आलं की हे गृहस्थ कार्बन घालून सगळ्या नटांसाठी ते हाताने लिहून काढायचे, अक्षर टपोरं, ओळी मोकळ्या, आणि एक वाक्य कधी दोन पानांवर तुटू द्यायचे नाहीत, कारण पान बदलताना नट अडखळला की झालं, पुन्हा पहिल्यापासून. नवा कोणी कलाकार टाचणी लावलेली पानं घेऊन माइकसमोर उभा राहिला की हे काचेपलीकडून त्याला हात जोडायचे, बाबा रे पिन काढ. पिन काढायची, पानं सुटी करायची, आणि वाचून झालेलं पान उलटायचं नाही, माइकपासून लांब नेऊन अलगद खाली सोडून द्यायचं. रेकॉर्डिंग संपलं की कार्पेटभर पानं पडलेली असायची आणि ती नंबराप्रमाणे लावून परत फाइलला लावायचं काम पण यांचंच. नाटकाच्या शेवटी सगळ्यांची नावं यायची, यांचं कधी आलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, माझं अक्षर ऐकू येतं की!

टेप लायब्ररीत एक मामा होते. कार्ड कॅटलॉग होता पण तो दाखवायला, खरा कॅटलॉग मामांच्या डोक्यात. तुम्ही नुसतं म्हणायचं, मामा ते पावसाचं, सतारीवरचं, तीन मिनिटांच्या आतलं. मामा उठायचे, शिडी लावायचे, टेप काढून द्यायचे आणि वर सांगायचे की सुरुवातीला थोडी खरखर आहे, फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची खिटी, हळू उघड.

आणि एक इंजिनिअर होते, त्यांच्या ब्लेडबद्दल सांगितलंच पाहिजे. आता कॉम्प्युटरवर तुम्ही माउसने कापता आणि चुकलं तर परत आणता. तेव्हा टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगाने पळायची, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा खोकला पावणेचार इंचांचा. हे दोन्ही हातांनी रीळ पुढे मागे हलवून तो खोकला शोधायचे, मशीनमधून असा घुबडासारखा आवाज यायचा, मग पिवळ्या मेणाच्या पेन्सिलने टेपच्या पाठीवर खूण, खाचेत टेप बसवायची, दाढीच्या ब्लेडने तिरकी कापायची, दुसरीकडे तशीच तिरकी, दोन टोकं जुळवून वर चिकटपट्टी, आणि नखाने घासायचं. तिरकी का, तर सरळ कापली की जोडावर टक असा आवाज येतो. मोठमोठ्या प्राध्यापकांची भाषणं या माणसाने अशी नीट केली की घरी ऐकताना प्राध्यापकांनाच वाटायचं आपण काय सलग बोलतो!

आता यातली गंमत अशी की कापलेले तुकडे ते टाकायचे नाहीत. खोकले, अं अं, चष्म्याची डबी पडल्याचा आवाज, एका गायकाने मध्येच तबलजीला दिलेली शिवी, आमच्या अनाउन्सर लोकांचं हसू फुटलेलं, सगळं एका डब्यात. आणि आमच्यातलं कोणी रिटायर झालं की त्या माणसाचे सगळे तुकडे जोडून एक रीळ बनवायचे आणि निरोपाच्या चहाला वाजवायचे. माणूस आयुष्यभर जे ऑन एअर बोलला ते त्या रिळात काही नाही, जे बोलला नाही तेवढंच. लोक हसता हसता रडायचे. हे रीळ मी पुढे परत आणते, लक्षात ठेवा.

आता प्रोमो. आमच्या वेळी सभा असायच्या, सकाळची, दुपारची, संध्याकाळची, आणि प्रत्येक सभेत कार्यक्रमांची रूपरेषा वाचायची, म्हणजे किती वाजता काय. ती ठरलेली असायची, त्यात आपलं काही नाही. आपलं काही असायचं ते फटीत. समजा एखादं भाषण साडेनऊ मिनिटांत संपलं, पुढचा कार्यक्रम बरोबर वेळेवर सुरू व्हायला पाहिजे, मध्ये अर्धा मिनिट उरला. एक तर फिलर म्हणून वाद्यसंगीत टाका नाहीतर बोला. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या बाई (आम्ही सगळे त्यांना बाईच म्हणायचो) त्या अर्ध्या मिनिटासाठी जणू वाट बघत बसायच्या. घड्याळाच्या सेकंदकाट्यावर डोळे, हातात कागद नाही, आणि रात्रीच्या नाटकाबद्दल असं बोलायच्या की शेवटचा शब्द संपायला आणि काटा बारावर यायला गाठ. मला म्हणाल्या, काय लागणार आहे ते सांगू नकोस, कोणासाठी लागणार आहे ते सांग. म्हणजे कसं? तर म्हणाल्या, आज साडेनऊला नभोनाट्य आहे असं सांगितलंस तर ज्यांना ऐकायचंय ते तसेही ऐकतात. ज्यांच्या घरात भाडेकरू आहेत त्यांनी आज रात्री साडेनऊला जागं राहावं, असं सांग. नाटक भाडेकरूवरच होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लिफ्टमन मला म्हणतो, बाई, मी भाडेकरू आहे, मी पण ऐकलं, चाललं ना?

मी पुढे प्रायव्हेट एफएमवर पोरापोरींना ट्रेनिंग द्यायचे तेव्हा प्रेझेंटेशन, टार्गेट ऑडियन्स, ब्रँड रिकॉल असं बरंच काही ऐकलं. बाईंच्या एका वाक्याच्या पुढे त्यात फार काही नव्हतं असं माझं प्रामाणिक मत आहे, मार्केटिंगवाले इथे असतील तर माफ करा.

आणि आमचा दुसरा प्रोमो म्हणजे पोस्टकार्ड. आपली आवड आठवतं ना? पंधरा पैशांचं कार्ड. पोती यायची. एकेका कार्डावर गाण्याची फर्माईश आणि खाली नावांची रांग, आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत, कधी कधी गोठ्यातल्या म्हशीचंही नाव घुसवलेलं असायचं आणि आम्ही ते वाचून मोकळे व्हायचो, आम्हाला काय माहीत चंद्रा कोण ते. श्रोत्यांचे क्लब होते, त्यांचे रबरी शिक्के असायचे. हिंदीत झुमरी तलैय्या फक्त या फर्माईशींमुळे देशाला माहीत झालं, तशी आपली कितीतरी गावं मी नकाशात कधी पाहिली नाहीत पण त्यांची नावं मला पाठ आहेत. आता विचार करा, एका कार्डावर पंधरा नावं वाचली की ती पंधरा घरं, त्यांचे शेजारी, पाव्हणे सगळे रेडिओला चिकटून, आणि पुढच्या आठवड्यात ते शेजारी कार्ड लिहिणार. होर्डिंगचा खर्च शून्य. काही कलीग कंटाळायचे, म्हणायचे नावं कापा, गाणी वाढवा. बाई म्हणायच्या, गाणं त्यांना पाठ आहे, नाव ऐकायला बसलेत ते.

जुने लोक गीतरामायणाचं पण सांगायचे, ते पुणे केंद्राचं, १९५५च्या रामनवमीला सुरू झालं, सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमा आणि बाबूजी, वर्षभर चाललं, छप्पन गाणी. रेडिओला हार घालून लोक ऐकायला बसायचे हे तुम्हाला माहीत आहे. मला त्यातलं व्यवहाराचं शहाणपण आवडतं, आठवड्याला एक नवं गाणं द्यायचं आणि तेच त्या आठवड्यात पुन्हा ऐकवायचं, म्हणजे ज्याचं चुकलं त्याला शेजारी सांगणार, अरे परत आहे, चुकवू नकोस. म्हणजे प्रोमो कुणी केला, तर शेजाऱ्याने.

मग पैसा आला. म्हणजे तो माझ्या आधीच आला होता, १ नोव्हेंबर १९६७ला विविध भारतीवर मुंबई, पुणे आणि नागपूर इथे जाहिराती सुरू झाल्या. मी लागले तेव्हासुद्धा काही सीनिअर मंडळी साबण आणि टूथपेस्टचं नाव काढलं की नाक मुरडायची. पण त्यांच्या घरी बुधवारी रात्री रेडिओ सिलोन लागायचं हे आम्हाला माहीत होतं! अमीन सयानींनी १९५२च्या शेवटी सिलोनवर जी बिनाका गीतमाला सुरू केली ती टूथपेस्टच्या नावानेच होती की. इकडे माहिती-प्रसारण मंत्री केसकरांनी आकाशवाणीवर सिनेमाची गाणी आवळली आणि सगळा देश सुई फिरवून सिलोनवर गेला. गाणी सगळ्यांकडे तीच होती, लोक थांबायचे ते गाण्यांच्या क्रमवारीत या पायदानावरून त्या पायदानावर जाताना हा माणूस काय बोलतो त्यासाठी. २०२४च्या फेब्रुवारीत ते गेले तेव्हा आमच्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवसभर कोणी काही टाइप केलं नाही, फक्त व्हॉइस मेसेज.

प्रायव्हेट एफएम मुंबईत २००२ला आलं. मी तेव्हा पन्नाशीला टेकलेली आणि अचानक मला मागणी, कारण पंचवीस वर्षांच्या पोरांना शिकवणारं कोणी नव्हतं. वातावरण काय होतं ते सांगते. मुंबईच्या एका फ्रिक्वेन्सीची लायसन्स फी वर्षाला पावणेदहा कोटी, आणि ती दर वर्षी १५ टक्के वाढणार. जाहिरात मिळो न मिळो. मग काय, सगळे जिवाच्या आकांताने ओरडायला लागले. रिक्षाच्या मागे स्टिकर, बसवर आरजेचे फोटो, दहीहंडीला टी-शर्ट, गणपतीला टोप्या, मॉलमध्ये काचेच्या पेटीत आरजेला बसवून ठेवायचं. फी पुढे २००५च्या पॉलिसीत बदलली, उत्पन्नाचे ४ टक्के झाली, पण ओरडायची सवय लागली ती लागली.

एक स्कीम होती, आम्ही कधीही फोन करू, तुम्ही हॅलो न म्हणता आमच्या स्टेशनचं नाव आणि आमची लाइन म्हटलीत तर बक्षीस. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी हे इतकं मनावर घेतलं की मुलीसाठी स्थळाचा फोन आला, पुण्याची माणसं, कर्मठ, आणि काकूंनी फोन उचलून एका दमात स्टेशनचं नाव, फ्रिक्वेन्सी, आणि ती चावट लाइन. पलीकडून फोन ठेवला गेला. लग्न दुसरीकडे झालं, चांगलं झालं, पण बक्षीस काही मिळालं नाही!

हसण्यावारी सोडा, पण माझं एक दुःख होतं. ज्या स्टेशनवर मी शिकवायला जायचे तिथे मराठी गाणं औषधालाही नसायचं. मीटिंगमध्ये एका तरुण मुलाने, आडनावाने मराठी, मला इंग्रजीत समजावलं की मराठी ऐकणारा माणूस खरेदी करत नाही. मी म्हटलं, बाळा, तुझी आई काय फुकट आणते का सामान? तो हसला, स्लाइड पुढे गेली. हेच पुढे कोल्हापूर, सांगली, नाशिककडे प्रायव्हेट स्टेशनं गेली तेव्हा बदललं, तिथे मराठीशिवाय दुकानच उघडणार नव्हतं. कोल्हापुरात टोमॅटो एफएमवर पोरं कोल्हापुरी झोकात बोलतात ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं, आमच्या वेळी असं कोणी बोललं असतं तर ड्युटी ऑफिसरला चक्कर आली असती.

आणि एक दिवस या सगळ्या ओरडणाऱ्या पोरांनी मला गप्प केलं. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, मोबाइल बंद, उपनगरात लाइट नाही. मी त्या दिवशी स्टुडिओतच अडकले. प्रायव्हेट स्टेशनला बातम्या द्यायची परवानगी नव्हती, आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण निरोप द्यायला कोण अडवणार? जो फोन लागेल तो घ्यायचा. अमुक शाळेची मुलं वर्गातच आहेत, सुखरूप आहेत, घ्यायला निघू नका. कलिन्याला पाणी छातीपर्यंत आहे, तिकडे वळू नका. कुर्ल्याला एका घरात चहा आणि कोरडी जागा आहे, आजी दार उघडं ठेवून बसल्यात. एक मुलगी होती आमच्याकडे, एरवी तिचा लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, मी दहादा ऐकवून दुरुस्त करायची कारण ती श्वास न घेता किंचाळायची. त्या रात्री ती इतकं सावकाश बोलत होती, एकेक गावठाण, एकेक बसस्टॉप, नाव दोनदा, मग थोडं थांबून परत. मी तिला हे शिकवलं नव्हतं. गाणी मध्ये मध्ये लावत होतो ते तिला पाणी प्यायला वेळ मिळावा म्हणून. कंट्रोल रूममध्ये बसून मला सारखी बाई आठवत होत्या, काय लागणार ते नको, कोणासाठी ते सांग. पुढे कितीतरी महिने रिक्षावाले आम्हाला सांगायचे, त्या रात्री तुमचंच लावलं होतं. तोपर्यंत होर्डिंगवर किती कोटी गेले होते, देव जाणे.

आता त्या रिळाचं. त्या निरोपाच्या रिळांतलं आज एकही माझ्या माहितीत शिल्लक नाही. टेप महाग, तुटवडा कायमचा, त्यामुळे कार्यक्रम झाला, ठेवायच्या यादीत नाव नाही, की टेप बल्क इरेझरवर. जड लोखंडी डबा तो, वर रीळ ठेवायचं, बटण दाबलं की घूं असा आवाज, रीळ गोल फिरवायचं आणि हळूहळू उचलून लांब न्यायचं, झालं, कोरी टेप. मीही पुसल्यात, सगळेच पुसायचे, जगभर हेच चालायचं, बीबीसीने पण आपला केवढा माल असा पुसला. मोठे गायक, पुढाऱ्यांची भाषणं, काही नाटकं ठेवली गेली, ते बरोबरच आहे. पण फटीतलं बोलणं कोण ठेवणार? बाईंचा अर्धा मिनिट तर टेपवर गेलाच नव्हता कधी, तो थेट हवेत. त्यांनी तीसेक वर्षं काम केलं आणि त्यांचा आवाज म्हणून आज माझ्याकडे एक सेकंदही नाही.

म्हणून खरं तर मी इथे आले. तुमच्यातले जे सत्तर-ऐंशीच्या दशकात इकडे आले, त्यांनी येताना कॅसेटी आणल्या. विकतच्या थोड्या, आणि बाकीच्या भावाने नाहीतर वडिलांनी टू-इन-वनवर रेडिओवरून भरून दिलेल्या. भरताना गाण्याच्या आधीचं बोलणं कापायचं राहून जायचं, पॉज वेळेवर दाबला नाही की फर्माईशीची चार नावं, पुढच्या कार्यक्रमाची सूचना, वेळ किती झाली ते, सगळं यायचं. गाणी आता कुठेही मिळतात, पण तुम्ही ज्यासाठी वैतागायचात ते मधलं बोलणं दुसरीकडे कुठेच नाही. ते तुमच्या बेसमेंटमध्ये आहे.

तेव्हा घर लहान करताना, शिफ्टिंग करताना त्या खोक्यावर मुलांना हात मारू देऊ नका. कॅसेट वाजवायची घाई पण करू नका, वर्षानुवर्षं पडलेली टेप एकदम फास्ट फॉरवर्ड केली तर तुटते किंवा चिकटते. आधी बघा आतला फेल्टचा छोटा तुकडा जागेवर आहे ना, बुरशीचे पांढरे ठिपके असतील तर मशीनमध्ये घालूच नका. मंडळातल्या दोन तरुणांनी कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं यंत्र आणलंय, ते फुकट करून देणार आहेत, कॅसेट तुमची तुम्हाला परत. दाराजवळच्या टेबलावर वही आहे, नाव, फोन आणि साधारण कोणत्या साली कोणत्या गावात भरलेली कॅसेट आहे एवढं लिहा. साल आठवत नसेल तर त्या वेळी घरात कोणाचं लग्न, कोणाचं बारसं झालं होतं ते लिहा, आम्ही काढू शोधून.

आता जेवण तयार आहे असं मला मागून हातवारे करून सांगतायत, आणि वेळ पाळायची सवय अजून आहे. वहीत आधी लिहा, मग पानावर बसा.